स्क्रीन बिघडली की आधी स्क्रीनशॉट काढा

माझं काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं. दिवसभर समोर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची विंडो), एडिटर आणि लॉग (प्रोग्रामच्या नोंदी). तरीही टीममध्ये कुणाचा मॉनिटर रुसला की फोन मला येतो, कारण डिस्प्लेचं दुखणं नेमकं कुठे आहे हे शोधायला मला मनापासून आवडतं. फोन येईपर्यंत समोरच्याने बहुतेक वेळा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलेला असतो, कधी कधी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच नव्याने बसवलेली असते, आणि खोट निघते केबलमध्ये. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हे टाळता येतं, म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो इथे लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत, उबुंटू किंवा फेडोरावर ग्नोम डेस्कटॉप अशी, कारण मी तेच वापरते. पण सुरुवातीचा भाग विंडोज आणि मॅकवाल्यांनाही जसाच्या तसा लागू पडेल.

आधी जागा ठरवा

एडिटरमध्ये एक अक्षर टाइप केलं की फॉन्टमधून त्याला आकार मिळतो, ते विंडोच्या चित्रात बसतं, कंपोझिटर सगळ्या विंडो जुळवून एक पूर्ण फ्रेम तयार करतो, ग्राफिक्स ड्रायव्हर ती पोर्टवर पाठवतो, केबल ती मॉनिटरपर्यंत नेते, मॉनिटरमधला बोर्ड ती उलगडतो आणि शेवटी पॅनल उजळतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बग शोधताना आपण कमिटांची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, यादी मधोमध तोडत जातो. ही साखळीही तशीच मधोमध तोडायची.

पहिला घाव स्क्रीनशॉटचा. रेघा, डाग, चुकीचे रंग, फाटलेली अक्षरं, जे काही असेल ते दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या उपकरणावर, म्हणजे फोनवर वगैरे, उघडून बघा. त्याच स्क्रीनवर बघून काही उपयोग नाही, तिथे तो खराबच दिसणार. स्क्रीनशॉट मेमरीतल्या चित्राचा निघतो, केबलपर्यंत जाण्याआधीचा. त्यात खराबी उमटली असेल तर केबल आणि मॉनिटर सुटले. दोष ॲपमध्ये, फॉन्टमध्ये, कंपोझिटरमध्ये किंवा चित्र काढणाऱ्या ग्राफिक्सच्या टप्प्यात आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर ड्रायव्हरच्या शेवटच्या टप्प्यापासून पुढे बघायचं.

दुसरा घाव मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूचा. मॉनिटरखालचं बटण दाबलं की ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा जो मेनू येतो, तो कॉम्प्युटर काढत नाही, मॉनिटरचा बोर्ड काढतो. मागचं चित्र थरथरतंय पण मेनू ठाम उभा आहे, तर बिघाड सिग्नलमध्ये. मेनूही सोबत थरथरतोय, तर पॅनल, बॅकलाइट किंवा वीजपुरवठा. याच मेनूत माहितीचं एक पान असतं, त्यावर मॉनिटरला प्रत्यक्षात किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्‌झ मिळतंय (म्हणजे चित्रात किती पिक्सेल आहेत आणि ते सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं) ते लिहिलेलं असतं. सेटिंग्जमध्ये काय दिसतं यापेक्षा माझा या पानावर जास्त विश्वास आहे.

लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनला असा मेनू नसतो. तिथे बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन दोन मिनिटं बघत बसा आणि झाकण हळूहळू मागेपुढे करा. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच रेघा दिसल्या आणि बिजागरीच्या हालचालीबरोबर त्या बदलल्या, तर बिजागरीतून जाणारी पट्टीसारखी केबल सैल किंवा चिरलेली आहे. दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी याचा व्हिडिओ काढून ठेवा. "डिस्प्ले बदलावा लागेल" असं सांगितलं गेलं तर तो दाखवून आधी केबल तपासायला सांगता येतं. पॅनल आणि केबल यांच्या किमतीत मोठा फरक असतो.

फोर-के आलं, पण माउस जड झाला

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. नवा २७ इंची फोर-के मॉनिटर जोडला, चित्र आलं, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. मॉनिटरचं माहितीचं पान उघडा. तिथे ३० हर्ट्‌झ लिहिलेलं असणार.

याचा हिशोब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: जवळपास ११९४ कोटी बिट. दोन ओळी आणि दोन फ्रेम यांच्यामधला रिकामा वेळ धरला की प्रचलित टायमिंगमध्ये हा आकडा सुमारे १४२५ कोटींवर जातो. आता २००९ सालचं एचडीएमआय १.४ घ्या. त्याची जाहीर क्षमता सेकंदाला १०२० कोटी बिट, पण दर ८ बिटांमागे तारेतून १० बिट जातात, म्हणून चित्राच्या वाट्याला ८१६ कोटीच येतात. ६० हर्ट्‌झ त्यात मावत नाही. ३० हर्ट्‌झला सुमारे ७१३ कोटी लागतात, ते मावतं. म्हणून कॉम्प्युटर मुकाट्याने ३० वर उतरतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये चित्रासाठी १४४० कोटी मिळतात, म्हणजे जेमतेम पण पुरेसं. लॅपटॉपचा पोर्ट, केबल, मॉनिटरचा पोर्ट आणि मधे असेल तर हब, या सगळ्यांना हे जमलं पाहिजे. एक जरी मागे राहिला तरी सगळे मागे.

टाइप-सी हब घेताना तर डोळे उघडे ठेवाच. टाइप-सीमध्ये वेगवान तारांचे चार मार्ग असतात. बरेच हब त्यातले दोन यूएसबी ३ ला देतात आणि दोनच चित्राला. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन मार्गांवर ८६४ कोटी बिट जातात, म्हणजे पुन्हा फोर-के ३० हर्ट्‌झ. हबच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर-के' असतं आणि '३० हर्ट्‌झ' बारीक अक्षरांत कुठेतरी मागे. तेच शोधून वाचायचं. माझा सल्ला सरळ आहे: मॉनिटरला टाइप-सी किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर लॅपटॉपमधून थेट त्यातच जोडा आणि हब कीबोर्ड-पेनड्राइव्हसाठी ठेवा.

पुण्यात मी केबल तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेते. दुकानात गेल्यावर "फोर-के चालेल का?" असं विचारू नका, उत्तर "हो ताई, चालेल" असंच येणार, आणि ३० हर्ट्‌झवर ती खरंच चालते. वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल आहे का ते बघा. पहिली १८०० कोटी बिटांपर्यंत तपासलेली असते, दुसरी ४८०० कोटींपर्यंत. आणि टेबलावर दोन मीटर पुरत असतील तर पाच मीटरची घेऊ नका.

केबल बरी असूनही ३० किंवा १०२४ बाय ७६८ वरच अडकलात, तर मॉनिटरची ओळख वाचा. जोडल्याबरोबर मॉनिटर आपलं नाव, आकार आणि झेपणारी रिझोल्यूशनं १२८ बाइटच्या एका ठोकळ्यात पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने पूर्ण भाग जायलाच हवा, तशी रचनाच आहे. सैल पिनमुळे एक बिट जरी पडला तरी बेरीज चुकते, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये चेकसम, म्हणजे ही बेरीज, चुकल्याची ओळ येते, आणि ओळखच पटली नाही तर कर्नल सुरक्षित म्हणून १०२४ बाय ७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशनं देतो. एडिड-डीकोड नावाचं छोटं टूल हा ठोकळा वाचनीय करून दाखवतं. काही टीव्ही आणि प्रोजेक्टर आपला आकार चक्क १६ बाय ९ सेंटिमीटर सांगतात, म्हणजे आकाराच्या जागी नुसतं प्रमाण भरलेलं असतं. डेस्कटॉपला वाटतं की समोर तळहाताएवढा पडदा आहे, आणि अक्षरं अवाढव्य होतात. तिथे स्केल (अक्षरं-बटणं किती पटीने मोठी दाखवायची ते प्रमाण) हाताने ठरवायची, ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. एडिटरच्या काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं घाणेरडी, पसरलेली दिसतात, पण पांढरी मात्र ठीक दिसतात? तर रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच येते आहे. सिनेमाला ते चालतं, कोडला नाही. टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टला 'पीसी' असं नाव द्या. बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्याने प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा येऊ लागतो आणि कडेचं कापलं जाणारं चित्रही पूर्ण दिसतं.

अपडेटनंतर काळी स्क्रीन

सोमवारी सकाळी, स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या) आधी, हमखास. घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे तर मशीन जिवंत आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. साध्या अक्षरांत लॉगिन आलं तर कर्नल ठीक आहे, फक्त चित्राचा डोलारा कोसळला आहे, आणि तुमच्या हातात पूर्ण टर्मिनल आहे.

ते आलं नाही तर रिस्टार्ट करताना ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा (एस्केप, काही मशीनवर शिफ्ट) आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. बहुतेकांची सकाळ इथेच सावरते. जुनाही चालेना तर त्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. यामुळे कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीन ताब्यात घेऊ देत नाही, फर्मवेअरने (मशीनमध्ये आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) आखून दिलेल्या साध्या चौकटीतच चित्र काढतो. सगळं संथ चालेल, दुसरा मॉनिटर बहुधा दिसणार नाही, पण समोर काहीतरी दिसेल. हा बदल एका बूटपुरताच असतो. तो कायमचा लिहून टाकू नका, नाहीतर नंतर "ग्राफिक्स कार्ड चालतच नाही" ही नवी तक्रार सुरू होते.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कारण साधारण या दोन-तीनांतलंच असतं. नवा कर्नल आला, पण त्याचे हेडर पॅकेज (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आले नाहीत, म्हणून डीकेएमएसला (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या टूलला) ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये बसणारा भाग, नव्याने बांधता आलं नाही. डीकेएमएसला स्टेटस विचारा, नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर हेच कारण. किंवा मॉड्यूल बांधलं गेलं पण सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच कोड चढू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवरची सही कर्नलला ओळखीची नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पार्श्वभूमीवर एमओके (मशीनच्या मालकाने मान्य केलेली सहीची किल्ली) व्यवस्थापनाचा मेनू येतो. तो काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात आपण चहा आणायला गेलेलो असतो, मेनू निघून जातो, सही नोंदवली जात नाही, आणि मॉड्यूल चढत नाही. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा नोंदणी पुन्हा सुरू करा आणि या वेळी खुर्चीवर बसून 'एनरोल एमओके' निवडा. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणाऱ्या मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांवर ते चालतं. तुमचं कार्ड त्यात बसत असेल तर डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातून हेच रूप घ्या. वेबसाइटवरून उतरवलेली इन्स्टॉलर फाइल मी कुणालाच सुचवत नाही, कारण पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नसतो आणि पुढच्या कर्नल अपडेटला गोंधळ ठरलेला.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर एक फसवं लक्षण दिसतं: लॅपटॉपची स्क्रीन झकास, टाइप-सीवरचा मॉनिटरही झकास, फक्त एचडीएमआय मेलेला. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो आणि बाकीचे इंटेल किंवा एएमडीच्या. ड्रायव्हर चढला नाही की तेवढा एकच पोर्ट जातो, आणि लोक केबलवर केबल बदलत बसतात. सिस फोल्डरात क्लास, त्यात डीआरएम उघडलं की कुठला पोर्ट कुठल्या कार्डाचा हे नावांतच दिसतं.

आज सगळं नीट चालू असतानाच एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने टर्मिनल उघडू देणारी सोय) टाकून ठेवा. स्क्रीन गेली तरी घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरच्या टर्मिनल ॲपमधून आत शिरता येतं आणि जर्नलसीटीएल या आज्ञेने सिस्टीमचा लॉग वाचता येतो. डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत लॉगमध्ये 'लिंक ट्रेनिंग' (कॉम्प्युटर आणि मॉनिटर केबलवरचा वेग जुळवून घेतात तो टप्पा) अयशस्वी झाल्याची ओळ दिसली तर सरळ केबल आणि पोर्टकडे जा.

थरथर, लुकलुक

लॅपटॉपच्याच स्क्रीनवर टाइप करताना अक्षरं उशिरा उमटतात किंवा क्षणभर झळक येते, आणि बाहेरचा मॉनिटर मात्र शांत आहे? मग पॅनल सेल्फ रिफ्रेशवर संशय घ्या. चित्र बदलत नसेल तर पॅनल स्वतःच्या मेमरीतून ते दाखवत राहतं आणि वीज वाचवतं. त्यातून जागं होताना काही मशीन अडखळतात. इंटेलवर बूटच्या ओळीत 'आय९१५ डॉट एनेबल अंडरस्कोर पीएसआर' शून्य करून (अर्थात रोमन लिपीत) बघा. थांबलं तर ठेवा, बॅटरी थोडी लवकर उतरेल.

खुर्चीवरून उठताना मॉनिटर एक-दोन सेकंद काळा होत असेल तर तो भास नाही. गॅस लिफ्टच्या खुर्चीत उठता-बसताना स्थिर विजेची ठिणगी पडते आणि तिचा झटका कमी आवरणाच्या व्हिडिओ केबलला पकडता येतो. चांगल्या शिल्डिंगची आखूड केबल हा उपाय. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट फिरवताना मुंग्या येत असतील तर मात्र इलेक्ट्रिशियन बोलवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. काही भाड्याच्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते.

संध्याकाळी डोळे दुखतात, पण थरथर दिसत नाही? मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून फोनच्या कॅमेऱ्यातून त्याकडे बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट वेगाने बंद-चालू करून उजेड कमी केला जातो आहे. ब्राइटनेस थोडा वर ठेवा आणि खोलीत दिवा लावा. डीडीसीयूटिल नावाचं टूल वापरून बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस कीबोर्डच्या शॉर्टकटवरही आणता येतो, दरवेळी मागची बटणं चाचपावी लागत नाहीत.

अंधुक अक्षरं

१४ इंची फुल-एचडी लॅपटॉपवर एका इंचात १५७ पिक्सेल बसतात, २४ इंची फुल-एचडी मॉनिटरवर ९२. दोन्ही शेजारी ठेवल्यावर एकाच स्केलमध्ये दोन्ही चांगले दिसणं कठीण. लिनक्समध्ये विंडो पडद्यावर मांडण्याची जुनी एक्स११ पद्धत सगळ्या मॉनिटरांना मिळून एकच घनता धरते. वेलँड या नव्या पद्धतीमध्ये प्रत्येक मॉनिटरची स्केल वेगळी ठेवता येते, म्हणून दोन वेगळ्या घनतेचे पडदे असतील तर वेलँडच वापरा.

पण तिथे १२५ किंवा १५० टक्के ठेवल्यावर काही ॲप धुरकट दिसतात. ती जुन्या एक्सवरच्या थरातून चालत असतात, लहान आकारात काढली जातात आणि मग ताणली जातात. कुठलं ॲप तसं आहे हे ओळखायला एक्सआइज (कर्सरकडे बघणारे दोन डोळे दाखवणारा छोटा प्रोग्राम) सुरू करा. कर्सर ज्या विंडोवर असताना ते डोळे त्याच्यामागे फिरतात, ती विंडो एक्सची. डोळे थिजले की ती वेलँडची. इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्रातून डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या चौकटीवर) बांधलेले एडिटर सुरू करताना ओझोनचा (चित्र कुठल्या पद्धतीने काढायचं ते सांगणारा) पर्याय देऊन वेलँडवर नेता येतात. ते नको असेल तर स्केल १०० टक्केच ठेवून ग्नोमच्या ट्वीक्समध्ये फक्त अक्षरांचा गुणक १.२५ करा. बटणं लहान राहतात, अक्षरं मात्र कोरीव येतात, आणि आपण दिवसभर अक्षरंच बघतो.

मीटिंगमध्ये शेअर केलेली स्क्रीन समोरच्यांना काळी दिसत असेल तर तेही याच कुळातलं. वेलँडवर कुठलंही ॲप दुसऱ्याची विंडो परस्पर वाचू शकत नाही. पाइपवायर (चित्र-आवाज पोहोचवणारी सेवा) आणि डेस्कटॉप पोर्टल (ॲपच्या वतीने तुम्हाला विचारणारा दुवा) यांच्यामार्फत परवानगी घ्यावी लागते. जुनं मीटिंग ॲप ती भाषा बोलत नसेल तर ब्राउझरमधून मीटिंग लावा.

मराठी लॉग वाचताना

आमच्या सेवेत मराठी नावं आणि पत्ते येतात, त्यामुळे टर्मिनलमध्ये देवनागरी मोडलेली दिसली की कुणीतरी लगेच बग नोंदवतं. आधी 'सर्किट' हा शब्द टर्मिनलमध्ये छापून बघा. साठवताना त्याचा क्रम स, र, हलन्त, क, वेलांटी, ट असा सहा चिन्हांचा असतो. दाखवताना वेलांटी क च्या आधी आली पाहिजे आणि रफार वर चढला पाहिजे. टर्मिनल ठरावीक रुंदीच्या चौकटींत अक्षरं मांडतं आणि बऱ्याच टर्मिनलांना ही उलटापालट जमत नाही, शिवाय कर्सर भलतीकडेच उभा राहतो. मग 'वाऱ्या' (त्यातला अर्धा र नीट येतो का ते बघायला) आणि 'ॲप' छापा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो. नोटो सान्स देवनागरी टाकला की तो जातो.

एवढं झाल्यावर तीच ओळ हेक्सडंपमधून (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या टूलमधून) काढा. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि ते ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं. क म्हणजे ई० ए४ ९५. बाइट असे असतील तर डेटा शुद्ध आहे, कोडला हात लावू नका, ती फाइल एडिटरमध्ये उघडून वाचा. बाइट वेगळे निघाले, किंवा स्क्रीनवर डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं रांगेने दिसली, तर कुठेतरी यूटीएफ-८ ला लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांसाठीची जुनी पद्धत) समजून पुन्हा एन्कोड केलं गेलं आहे. तेव्हा स्क्रीन सोडा, डेटाबेस कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट उघडा, आणि तिकिटात स्क्रीनशॉटसोबत ते बाइटही चिकटवा.